बन्सी वायरमनची मेंबरशिप

मुकुंदवाडीत बन्सी वायरमनचं घर विचारलं, की लोक खूण सांगतात: दारात ताडपत्रीखाली जुनी पांढरी गाडी असेल आणि आतून कुणावर तरी कुणी खेकसत असेल, तेच घर. रिटायर होऊन जमाना झाला, पण गड्याचा आवाज अजून खांबावरचाच आहे. वर चढलेल्या माणसाला खालच्याशी बोलायचं तर दुसरा आवाज चालत नाही. तोच आवाज तो घरात काढतो, लग्नात काढतो, आणि विहारात वंदना झाल्यावर चपला सापडेनात तर तिथंही काढतो.

वैशाखातल्या त्या सकाळी तो मोबाइलवर खेकसत होता. मोबाइलमध्ये एक चित्र आलं होतं. पिवळ्याधमक वाळूत लालभडक गाडी अडकलेली, मागं एक उंट उभा, आणि निळ्या टोपीतला गोरापान मेकॅनिक हातात पाना घेऊन हसत हसत येतोय. खाली लिहिलेलं, तुमची मेंबरशिप संपत आली, आजच नवी करा, भर उन्हात रस्त्यावर एकटे पडू नका.

"उंट!" बन्सी ओरडला. "पारू, इकडं ये. पैठण रोडवर यांनी उंट आणून उभा केलाय बघ!"

पारूबाईनं कुरडयांच्या पिठातून हात न काढताच मान लांब करून पाहिलं. "मग उनाचं दाखवायचं तर काय म्हैस दाखवतील?"

"आन् हे खाली काय लिव्हलंय? एकटे पडू नका! मी? पैठण रोडवर? एकटा?"

खरी ठेच इथं लागली होती. उंट आपला बिचारा मध्ये आला.

ही मेंबरशिप मागच्या उन्हाळ्यात त्याच्या लेकीनं, रत्नमालेनं, त्याला न विचारता घेतली होती. रोडसाइड असिस्टन्स असं तिचं भारदस्त नाव. गाडी रस्त्यात बंद पडली की फोन करायचा, कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करणार, नाहीच जमलं तर टोचन लावून गॅरेजला नेणार. वर्षभरात फोन करायची वेळ आली नाही. आता ती पुन्हा घ्यायची की सोडायची, यावर घरात रोज भांडण.

रत्नमाला दवाखान्यात सिस्टर. ती म्हणे, "पप्पा, आमच्याकडं रोज ऊन लागलेले पेशंट यायलेत. आईला बीपी, गाडी तुमची म्हातारी. रस्त्यात बंद पडली तर काय करणार?"

"काय करणार म्हंजे? हात करणार. कुणीबी थांबल."

"आता कुणी थांबत नाही पप्पा."

"तुला थांबत नसतील. मला थांबतेत!"

सवाल पैशाचा नव्हताच. त्यानं उभा जन्म बिडकीनच्या सेक्शनला वायरमन म्हणून काढला. नक्षत्रवाडी सोडली की पुढच्या प्रत्येक वस्तीवरच्या खांबाला त्याच्या पायाची ओळख. आता त्याच रस्त्यावर गाडी बंद पडल्यावर आपल्याला माणूस विकत घ्यावा लागणार असेल, तर मग आपण इतकी वर्षं त्या खांबांवर नेमकं केलं काय? मेंबरशिप घेणं म्हणजे या रस्त्यावर आपलं कुणी नाही असं लिहून देणं, हा त्याचा हिशेब. आणि ते लिहून द्यायला तो तयार नव्हता.

आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं बरं का. गेवराईकडच्या एका लग्नाचं तर लोक अजून सांगतात. नवरदेव मांडवात पाय ठेवतोय तोच लाइट गेली. बन्सी तिथं पाहुणा, अंगात इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा, पानात नुकती जिलेबी पडलेली. गडी पानावरून उठला, सदऱ्यासकट खांबावर. वरून ओरडला, "कुणी वायरला हात लावायचा नाय!" लाइट आली, तो खाली उतरला, तेव्हा सदरा पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत उसवलेला. नवरीचा बाप स्वतःचा नवा सदरा हातात घेऊन उभा. बन्सीनं तो घेतला नाही. फाटक्या सदऱ्यानंच पुन्हा पंगतीला बसला आणि म्हणाला, "कपड्याचं ऱ्हाऊ द्या, माझी जिलेबी कुणी खाल्ली ते सांगा."

हात लावू नको, हे शब्द वायरमनच्या तोंडात कायमचे बसलेले असतात. लाइट गेली की गावातलं कुणीतरी काठी घेऊन डीपीकडं धावतंच. डीपी म्हणजे वस्तीबाहेरचं ते ट्रान्सफॉर्मरचं खोकं. असाच एक जण तिथं चिकटलेला बन्सीनं उघड्या डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून वस्तीत तो शिरायच्या आधी त्याचा ओरडा शिरायचा, हात लावू नको! लोकांना राग यायचा नाही. त्या ओरडण्यानं जीव वाचतात, हे सगळ्यांना माहीत.

पण हेच शब्द बन्सीला स्वतःला एकदा ऐकावे लागले होते, आणि तिथं विजेचा काही संबंध नव्हता.

तो नवानवा नोकरीला लागला होता. चितेगावच्या अलीकडं एका वस्तीवरची लाइन जोडून खाली उतरला, घशाला कोरड पडलेली. घरातली म्हातारी तांब्या घेऊन आली, पण चार हात लांबच थांबली. म्हणाली, "ओंजळ धर. तांब्याला हात लावू नको." बन्सीचा बाप जन्मभर तसाच ओंजळीनं प्यायलेला. पण बन्सी जय भीम म्हणत वाढलेला. त्यानं हात मागं घेतले आणि तहानलेलाच आपलं सामान आवरायला लागला. तेवढ्यात म्हातारीचा नातू कडुबा, मिसरूडही धड न फुटलेला, पुढं आला. त्यानं आजीच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि बन्सीच्या हातात दिला. आजीनं नातवाशी बोलणं टाकलं. कडुबानं तिच्याशी बोलणं चालूच ठेवलं, आणि बन्सीशी जी गट्टी जमली ती आजतागायत.

त्या कडुबाची आता रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे. विहिरीच्या मोटारी, पाइप, वेल्डिंग, जे येईल ते काम. शेडपुढं उन्हाळाभर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन रांजण. कुणीही यावं, तांब्या बुडवावा, प्यावं.

तर त्या रविवारची गोष्ट. पारूबाईची थोरली बहीण वच्छलाबाई बिडकीनला असते. गुडघ्यांमुळं पारूबाईला एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून दर रविवारी बन्सी तिला गाडीनं नेतो. त्या दिवशी कुरडया वाळायला वेळ लागला आणि निघेपर्यंत ऊन मी म्हणायला लागलं. रस्त्यावर समोर पाणी साचल्यागत नुसत्या झळा. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा.

चितेगाव जवळ आलं आणि गाडीच्या नाकातून वाफ निघाली. एक आचका, दुसरा आचका, की बंद.

बन्सी उतरला. गाडी बंद पडली की मागं दगड मांडायचे आणि झाडाची फांदी तोडून ठेवायची, म्हणजे मागून येणारा लांबूनच सावध होतो. त्यानं दगड मांडले. फांदीसाठी झाड शोधायला लागला, तर झाडच नाही. रस्ता रुंद केला तेव्हा दोन्ही बाजूंची झाडं गेलेली.

"बघ!" तो पारूबाईवर ओरडला, जणू झाडं तिनंच तोडली. "रस्ता केला मैदानाएवढा, आन् बंद पडल्यावर दाखवायला फांदी नाय! सावली तर ऱ्हाऊच दे!"

"अवं, कडुबादादाची शेड ती काय, दिसायलीय. हाक मारा की."

"थांब. आज कंपनीची परीक्षा हाय. मेंबरशिप अजून चालू हाय ना? बघूच उंटवाला कसा येतो ते."

त्याला मनातून खातरीच होती की कुणी येणार नाही. संध्याकाळी रत्नमालेपुढं फोन आपटून म्हणायचं, बघ! एवढ्यासाठी तो बायकोला उन्हात बसवून मोबाइल कानाला लावून उभा राहिला.

पलीकडून एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं लोकेशन सांगा."

"लिहा. चितेगावच्या अलीकडं, डीपी सोडली की पुढं एक खांब वाकलाय, त्याच्या म्होरं."

"सर, जवळचा मॉल?"

"मॉल? बाई, इथं झाड नाय, मॉल कुठून आणू?"

"शोरूम, हॉटेल, काहीतरी मोठं सांगा ना सर."

"खांब मोठाच हाय की! मीच उभा केलाय!"

शेवटी त्या पोरीनं कसलीशी लिंक पाठवली, बन्सीनं ती दाबली, आणि माणूस निघाला म्हणून कळलं. पोरगी घाईनं पुढं म्हणाली, "सर, एक महत्त्वाचं. आमचा माणूस येईपर्यंत बाहेरच्या कुणालाही गाडीला हात लावू देऊ नका. नाहीतर सर्व्हिस मिळणार नाही."

आता बन्सी नियमाला शिव्या कितीही देईल, पण नियम मोडणारा माणूस नव्हे. उभ्या नोकरीत त्यानं लोकांना हेच सांगितलेलं, ज्याचं काम त्याला करू द्या. तो "बरं बरं" म्हणतोय, तोच मागून खडखड आवाज आला. वळून पाहतो तर एकजण बोनेट उचलतोय. एका हातात पाण्यानं भरलेली कळशी, दुसरा हात बोनेटखाली.

"ए! हात लावू नको!"

खांबावरचा आवाज. पार शेडपर्यंत गेला असेल.

कडुबानं हात काढून घेतला. बोनेट धप्पकन खाली बसलं. तो बन्सीकडं पाहत राहिला. त्याच्या मिशा आता पांढऱ्या झाल्यात, पण पाहणं तेच, आजीकडं पाहिलं होतं तसं.

"कंपनीचा माणूस येतोय," बन्सी म्हणाला. आवाज आपोआप खाली आला होता. "ते म्हणतेत, बाहेरच्यानं..."

"बरं," कडुबा म्हणाला. एवढंच. एरवी वायरमन म्हणून हाक मारून दहा टोमणे मारणारा माणूस. त्यानं कळशी डांबरावर ठेवली आणि गाडीच्या खिडकीशी गेला. "वहिनी, तुम्ही तरी सावलीला चला. तुम्हाला तर कुणी नेऊ शकतंय ना?"

पारूबाई कुरडयांचा डबा घेऊन उतरली, नवऱ्याकडं न बघता त्याच्या मागून शेडकडं गेली.

बन्सी राहिला. डोक्यावर ऊन, पायाखाली चिकटणारं डांबर, आणि शेजारी कळशी. एक दूधवाला मोटारसायकल थांबवून म्हणाला, "वायरमन, काय झालं? बघू का?" बन्सी म्हणाला, "कंपनीचा माणूस येतोय." "मग बरंय," म्हणून तो गेला. एक जीपवाला थांबला. त्यालाही तेच सांगितलं, तोही गेला. प्रत्येक जण म्हणे, मग बरंय. आणि प्रत्येक जण गेला की रस्ता आणखी मोठा, आणखी मोकळा दिसे. जन्मात पहिल्यांदा बन्सी पैठण रोडवर एकटा उभा होता, आणि एकटं न पडण्याचं वर्षभराचं शुल्क लेकीनं आधीच भरलेलं होतं.

घसा सुकून गेला, पण त्यानं कळशीला तोंड लावलं नाही. कुठल्या तोंडानं लावणार?

बऱ्याच वेळानं कंपनीची गाडी आली. तोवर बन्सीनं मनात एक भाषण तयार केलं होतं, त्यात उंट होता, मॉल होता, वाकलेला खांबही होता. पण गाडीतून जो माणूस उतरला त्याला ना निळी टोपी, ना हसू. सर्जेराव नावाचा, कन्नडकडचा, बन्सीच्या लेकीच्या वयाचा संसारी गडी. उन्हानं चेहरा काळाठिक्कर, ओठांना साल आलेली. त्यानं पहिला शब्द काढला, "काका, पाणी हाय का जरा?"

बन्सीचं भाषण जागच्या जागी जिरलं. कळशी उचलून त्यानं पुढं केली. सर्जेराव घटाघटा प्यायला.

"कंपनी बाटलीभर पाणीबी देत नाय व्हय रे?"

"टोपी देते," सर्जेराव म्हणाला. "पण ती लई गरम व्हती. सकाळी वेरूळच्या घाटात व्हतो, तिथून इकडं, आता तुमचं झालं की वाळूज."

त्यानं बोनेट उघडलं, वाकून पाहिलं. रेडिएटर कोरडाठक्क पडला होता. मग तोंड, हात पुसून त्यानं इंजिन गार होऊ दिलं, आणि कळशी उचलून म्हणाला, "हेच पाणी वततो, चालंल ना?"

बन्सी बघतच राहिला. तेच पाणी, तेच बोनेट. मघाशी कडुबाच्या हातून जे चालणार नव्हतं, तेच आता कंपनीच्या नावानं ओतलं जात होतं. ओतलेलं सगळं खालून गळून गेलं; पाइप फुटला होता, टोचनच लावावं लागणार होतं.

"मला एक सांग," तो म्हणाला. "तू यायच्या आधी दुसऱ्या कुणी हात लावला असता तर काय झालं असतं?"

"काय व्हणार काका? मला काय कळतंय कुणी हात लावलाय ते? त्या पोरींना लिहून देतेत तसं बोलायला. उलट पाणी टाकून ठेवलं असतं तर माझं काम हलकं झालं असतं."

बन्सीला इतका संताप आला, की ओरडायलाच सुचेना. ओरडायचं तरी कुणावर? सर्जेराव बापडा स्वतःच उन्हात पोळलेला. फोनवरच्या पोरीच्या हाती कुणीतरी कागद दिलेला. ज्यानं तो कागद लिहिला, तो कुठं तरी गारव्यात बसला असेल. आणि राहिला तो एकच माणूस, ज्यानं तो कागद फोनवर ऐकल्याबरोबर आपल्या माणसावर ओरडून दाखवला.

रिकामी कळशी द्यायला तो शेडवर गेला. रांजणाजवळ पारूबाई एकटीच बसली होती.

"कडुबा कुठंय?"

"जेवायला गेले. घरी."

कडुबा कधी कुणाला जेवायला चल म्हटल्याशिवाय घरी गेलेला नाही. बन्सीनं कळशी रांजणाशी ठेवली. गाडीला टोचन लावून सगळे शहराकडं निघाले. वाटेत पारूबाई एकच बोलली, "त्या आज्जीचंच बोललात तुम्ही आज. तेच शब्द." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

घरी रत्नमाला वाट बघत होती. बन्सीनं पाणीही न पिता सुरुवात केली. "ती मेंबरशिप मोडून टाक! माणूस पाठवतेत म्हणे! अगं, ती माणूस पाठवायच्या आधी माणूस घालवती. दोन जण थांबले, मीच त्यांना पिटाळलं. कडुबाला, कडुबाला मी..."

रत्नमालेनं आईकडून सगळं ऐकलं. मग ती म्हणाली, "पप्पा, एक सांगू? मागच्या महिन्यात बीड बायपासला माझी गाडी बंद पडली. मी तुम्हाला सांगितलं नाही. एक जण थांबला. काय झालं मॅडम म्हणाला. चांगलाही असेल बिचारा. पण मी हेल्मेट काढलं नाही, आणि देवाला म्हणा, कशाला म्हणा, पण हा निघून जाऊ दे असं म्हणत उभी राहिले. तुम्ही म्हणता ना, मला कुणी थांबत नसतील. थांबतात पप्पा. थांबतात म्हणूनच मला मेंबरशिप लागते."

बन्सी उठून बाहेर गेला आणि ताडपत्री उगाच नीट करत राहिला. संताप कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. ज्या रस्त्यानं त्याला जन्मभर हाक मारली, तोच रस्ता त्याच्या लेकीला हेल्मेट काढू देत नाही, याचा जाब कुणाला विचारायचा?

पुढच्या रविवारी गाडी दुरुस्त होऊन आली. या वेळी कुरडया नव्हत्या, सकाळी लवकरच निघाले. कडुबाच्या शेडपुढं बन्सीनं गाडी उभी केली. कडुबा तोंडापुढं काच धरून वेल्डिंग करत होता. त्यानं काच खाली केली नाही.

बन्सीनं स्वतःच बोनेट उघडलं. "कडुबा, जरा बघ. आवाज यायलाय."

कडुबानं बऱ्याच वेळानं काच बाजूला ठेवली, येऊन कान दिला. गाडी मांजरासारखी घुरघुरत होती.

"कसला आवाज?"

"ते तू सांग."

कडुबानं पाइप दाबून पाहिला, झाकणावर बोट टेकलं. "काय नाय. गाडी झकास हाय."

"नीट बघ. सगळीकडं हात लावून बघ."

कडुबा थांबला. मग त्यानं खरंच सगळीकडं हात लावला. बॅटरीला, पट्ट्याला, काचेला, हँडलला, अगदी मागच्या नंबरप्लेटलाही एक टपली मारली. तेलकट पंजा पांढऱ्या बोनेटवर उमटला, तो पुसायला फडकं शोधू लागला.

"ऱ्हाऊ दे तसाच," बन्सी म्हणाला.

"वायरमन, कंपनी रागवल."

वायरमन ही हाक ऐकली आणि बन्सीच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. "रागवू दे! कंपनीचा उंट आला तर त्यालाबी तुझ्या रांजणातलं पाजू."

"ते सोड. त्या दिवशी मागं दगड मांडले ते कोण उचलणार व्हतं? तुझा उंट? दुसऱ्यांना जन्मभर शिव्या घालतो, दगड उचला म्हणून. मीच उचलले."

बन्सीनं बोनेट खाली ओढलं आणि म्हणाला, "रत्नमालेच्या गाडीची मेंबरशिप घेतली बघ. दोन वर्षांची. माझी मोडली."

"मोडली? येडा हायस काय?" कडुबा उसळला. "तुझीबी घे! मी काय जन्मभर तुझ्यासाठी इथं उन्हात बसू? उद्या मी बिडकीनला गेलो, आन् वहिनी उन्हात बसल्या तर?"

"मग मला फोन करून जायचं, की मी चाल्लो म्हणून!"

"का? मी तुझा नोकर हाय?"

"मग मी त्या पोरीला मॉल कुठून दाखवू, सांग!"

दोघांचे आवाज असे चढले, की रांजणावर पाणी पिणारा एक ट्रकवाला तांब्या हातात घेऊन बघत राहिला. पारूबाईनं गाडीत बसल्या बसल्या हात लांब करून हॉर्न दाबला, आणि दाबूनच ठेवला.